समुद्राकाठच्या गावाला जाऊ या



आपण बीड जिल्ह्याची माणसं. आपल्याला डोंगर माहीत आहे. ओढा, विहीर, तळं माहीत आहे. माजलगावचं धरण भरलं, की आपण काठावर उभे राहून म्हणतो, "केवढं पाणी! जणू समुद्रच!" पण खरा समुद्र आपल्यापैकी पुष्कळांनी अजून पाहिलेला नाही. आपण ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरपर्यंत जातो, कर्नाटकातही जातो. कोल्हापुराहून घाट उतरला की समुद्र फार लांब नाही. पण हातातला कोयता खाली ठेवून घाट उतरायला सवड कुणाला असते?

कोणी म्हणेल, "आम्हां कोरडवाहू माणसांना समुद्राशी काय करायचं?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देऊ.

समुद्राचं आणि आपलं नातं

आपल्या शिवारात पडणारा पाऊस येतो कुठून? ऊन समुद्राच्या पाण्यावर पडतं. पाण्याची वाफ होते. जून महिन्यात पश्चिमेचा वारा ही वाफ घेऊन जमिनीकडे येतो. वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे. ढग डोंगर चढतात, वर गार होतात आणि तिथंच रिते होतात. म्हणून दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उरलेसुरले ढग आपल्याकडे येतात. बीडला साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस झाला, की आपण म्हणतो, "औंदा बरा झाला." काही पाऊस आपल्याला पूर्वेच्या बंगालच्या उपसागराकडूनही मिळतो.

आणि आपलं पाणी जातं कुठं? सिंदफणा गोदावरीला मिळते. गोदावरी पूर्वेच्या समुद्राला मिळते. म्हणजे पाऊस समुद्रातून येतो आणि पाणी समुद्रात जातं. मग समुद्र आपला कोणीच नाही, असं कसं म्हणता येईल?

आणखी एक ओळख आहे. आठवड्याच्या बाजारात एका कोपऱ्यात सुकट आणि सुके बोंबील विकायला असतात. पावसाळ्यात भाजीला काही नसलं, की तव्यावर सुकट भाजून आपण भाकरीबरोबर खातो. ती सुकट समुद्राकाठच्या बायांनी उन्हात वाळवलेली असते. ज्यांच्या हातचं आपण खातो, त्यांचं गाव एकदा बघायला नको का?

कुठं जायचं, कसं जायचं

कोकणात अशी गावं पुष्कळ आहेत. आज आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्याची माहिती घेऊ. तिथं हर्णै नावाचं मासळीचं मोठं बंदर आहे. हर्णैला लागूनच पाजपंढरी ही कोळ्यांची वस्ती आहे. बघा, समुद्राकाठच्या गावाच्या नावातही पंढरी आहे! खाडीच्या पलीकडे आंजर्ले हे नारळी-पोफळीच्या झाडीतलं शांत गाव आहे. सकाळी हर्णैला मासळीची गडबड बघावी आणि मुक्कामाला आंजर्ल्याच्या सावलीत यावं.

बीडाहून पुण्याला एसटी आहे. पुण्याहून दापोलीला एसटी आहे. दापोलीहून हर्णै १५-१६ किलोमीटर आहे. एकूण वाट चारशे किलोमीटरांहून जास्त होते. एका दिवसात धावतपळत जाऊ नये. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पार केलेल्या म्हाताऱ्या माणसांना २०२२ पासून तिकीट नाही. तेव्हा आजी-आजोबांना घरी राखणीला ठेवू नका. त्यांनाही बरोबर घ्या. आधार कार्ड तेवढं विसरू नका.

केव्हा जावं? जानेवारी ते मार्च हा काळ चांगला. हवा सोसवते. ऊसतोडीची माणसं या वेळी कारखान्यावर असतात. त्यांनी पट्टा पडल्यावर, एप्रिलात जावं. तेव्हा ऊन कडक असतं, पण आंबा आलेला असतो. जून ते सप्टेंबर मात्र समुद्राच्या पाण्याकडे जाऊ नये. त्या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो.

आता खर्चाचं बोलू. सहलीसाठी कर्ज काढू नका. मुकादमाची उचल घेऊन तर मुळीच जाऊ नका. उचल फेडता फेडता पुढचा हंगाम जातो. आठ-दहा घरांनी मिळून भिशी लावावी. महिन्याला थोडे थोडे पैसे टाकावेत. वर्षभरानं जेवढे जमतील तेवढ्यात भागेल अशी सहल करावी. आपण आता लिहायला शिकलो आहोत. एक वही करा. तिकीट किती, जेवण किती, मुक्काम किती, सगळं रोजच्या रोज मांडा. जेवणाचा आणि खोलीचा दर आधी विचारा, मग बसा. आधी विचारलं, की मागून वाद होत नाही.

बंदरावर काय बघायचं

हर्णैला सकाळी आणि दुपार कलल्यावर मासळीचा लिलाव होतो. तो जरूर बघावा. लांब समुद्रात होड्या उभ्या असतात. पूर्वापार तिथं मोठ्या होड्या लागतील असा धक्का नव्हता. म्हणून वर्षानुवर्षे बैलगाड्याच पाण्यात घालून मासळी काठावर आणायची रीत पडली. आपले बैल नांगराला, गाडीला, पोळ्याला. तिथले बैल छातीइतक्या खाऱ्या पाण्यात उभे राहिलेले! ज्याच्या दावणीला बैल आहे, त्याला हे बघून नवल वाटेल.

काठावर मासळीचे ढीग पडतात. भोवती माणसं कोंडाळं करतात. एक जण भाव पुकारतो, दुसरा वाढवतो. सौदा तुटला की टोपल्या उचलल्या जातात. बर्फ पडतो, गाड्या भरतात. हे बघताना तुम्हाला आपला मोंढा आठवेल. माल आपण पिकवतो आणि भाव दुसराच ठरवतो. तिथंही तेच. कष्ट कोळ्याचे असतात, पण भाव त्याच्या हातात नसतो.

कोळीणींकडे नीट बघा. टोपलीचा भाव कसा सांगतात, पैसा कसा मोजतात, हिशेब कसा तोंडावर असतो! पुरुष समुद्रावर आणि बाजार बाईच्या हातात, अशी कोळ्यांची जुनी रीत आहे. आपल्याकडे बाई रानात पुरुषाच्या बरोबरीनं राबते. पण पट्टीचे पैसे तिच्या हातात येतात का? ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

होडीवर जो मुख्य असतो त्याला तांडेल म्हणतात. बाकीचे खलाशी. मोठ्या होड्या काही काही दिवस समुद्रावर राहतात. बरोबर डिझेल, बर्फ आणि शिधा घ्यावा लागतो. जाळ्यात मासळी आली तर ठीक. नाही आली तर डिझेलचे पैसेही निघत नाहीत. आपलं दुबार पेरणीचं संकट असतं ना, तसंच हे. पेरलेलं उगवलं नाही तर बियाणं गेलं. फेकलेलं जाळं रिकामं आलं तर डिझेल गेलं. काही खलाशीही हंगामाआधी उचल घेतात. उचलीचं ओझं काय असतं, हे ऊसतोडीच्या माणसाला सांगायला नको.

तिथं वागावं कसं, तेही सांगतो. आपल्या खळ्यात कोणी चपला घालून आलं तर आपल्याला आवडत नाही. होडी ही कोळ्याची लक्ष्मी आहे. विचारल्याशिवाय तिच्यावर चढू नये. वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये. बायांचे फोटो त्यांना न विचारता काढू नयेत. नाकाला पदर लावून "घाण वास येतो" असं म्हणू नये. तो वास त्यांच्या भाकरीचा आहे. "मावशी, हा मासा कोणता?" असं विचारा. आनंदानं सांगतील.

काय खायचं

आता जेवणाचं. आधी माळकरी मंडळींसाठी सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात घरोघर तुळशीची माळ आहे. मासळीच्या गावात आपली उपासमार होईल, अशी भीती बाळगू नका. तिथं भात आहे, तांदळाची भाकरी आहे. कुळथाचं पिठलं आहे. कुळीथ म्हणजे आपले हुलगे! आपण माडगं करतो, ते पिठलं करतात. ओल्या काजूगरांची उसळ मिळते. फणसाची भाजी मिळते. गणपतीच्या गावी गेल्यावर उकडीचे मोदक खावेत. प्यायला शहाळं आणि कोकमाचं सरबत आहे. आंब्याच्या दिवसांत हापूस आहे. मात्र आधीच सांगा, "आम्ही माळकरी आहोत, भांडी वेगळी ठेवा." घरगुती खानावळीत हे ऐकतात.

जे मासे खातात त्यांनी धरणातला रोहू-कटला खाल्ला असेल. समुद्राच्या मासळीची चव निराळी. स्वस्तात पोटभर खायचं असेल तर बांगडा, तारली, मांदेली मागा. सुरमई आणि पापलेट महाग. ओला बोंबील इतका मऊ असतो, की आपण बाजारात बघतो तो कडक बोंबील हाच, हे खरं वाटत नाही. कोळंबी आहे, खेकडे आहेत, शिंपल्या आहेत. कोळंबी किंवा खेकडा पहिल्यांदाच खात असाल तर आधी थोडा खा. काही जणांच्या अंगावर त्यानं गांधी उठतात, घसा सुजतो. असं झालं तर पुन्हा खाऊ नका. दम लागला तर लगेच दवाखाना गाठा. लेकरांना काटे काढून घास द्या.

ताजा मासा ओळखायचा कसा? चार खुणा लक्षात ठेवा. डोळे चकचकीत आणि भरलेले असावेत, आत गेलेले नसावेत. कल्ले उचलून बघावेत, ते लालबुंद असावेत. अंगाला बोट दाबलं तर खड्डा राहू नये. आणि वास समुद्राचा असावा, कुजका नसावा. या चार खुणा पटल्या तरच घ्या.

बांगडा तिकडे कसा करतात, ते बायांनी विचारलंच असतं. म्हणून सांगतो. बांगडा साफ करून धुवायचा. दोन्ही अंगांनी आडव्या चिरा द्यायच्या. मीठ, हळद, लाल तिखट, वाटलेला लसूण आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचा. आगळ नसलं तर चिंचेचा कोळ चालतो. मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून खरपूस भाजायचा. झालं! याच्याबरोबर तांदळाची भाकरी. पण तांदळाचं पीठ ज्वारीसारखं नुसत्या पाण्यात मळलं तर भाकरी चिरते. आधी पाणी उकळायचं, त्यात पीठ घालून उकड काढायची, ती मळून भाकरी थापायची.

जेवणाच्या शेवटी सोलकढी. ती माळकऱ्यांनाही चालते आणि घरी करता येते. दहा-बारा आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कुस्करायची. नारळ खवून वाटायचा आणि पिळून दूध काढायचं. दोन्ही एकत्र करायचं. त्यात मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची घालायची. लसूण चालत असेल तर एक पाकळी. वरून कोथिंबीर. ही कढी चुलीवर ठेवायची नाही. तापवली तर फुटते.

येताना आमसुलं, आंबापोळी, थोडी सुकी मासळी आणावी. सुकी मासळी कडक वाळलेली घ्यावी. ओलसर असेल तर वाटेतच बिघडते. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. आपल्या बालाघाटाच्या सीताफळाला २०१६ साली बीडचं सीताफळ म्हणून सरकारी मानांकन मिळालं. सीताफळाचे दिवस दिवाळीच्या आगेमागे असतात, आणि पिकलेलं सीताफळ लांबच्या वाटेला टिकत नाही. म्हणून शेंगदाण्याची चटणी न्या, ज्वारीची कडक भाकरी न्या, येसर न्या. त्यांनाही आपली चव कळू द्या.

पाण्यात उतरण्याआधी

मंडळी, आता जे सांगतो ते कान देऊन ऐका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

दर वर्षी देशावरची माणसं कोकणात जातात आणि त्यांतली काही समुद्रात बुडून मरतात. बहुतेक तरुण पोरं. पुष्कळांना पोहता येत असतं. मग बुडतात कशी? आपण विहिरीत पोहायला शिकलो. विहिरीचं पाणी उभं असतं. समुद्राचं पाणी ओढतं. काठावर लाट येते ती आपल्याला दिसते. पण आलेलं पाणी परत जाताना एखाद्या पट्ट्यातून जोरानं आत जातं, ते दिसत नाही. त्या ओढीत सापडलेला माणूस काठाकडे सरळ पोहत राहतो, दमतो आणि बुडतो.

म्हणून नियम असे. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. लेकराचा हात सोडायचा नाही. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही आणि उतरू द्यायचं नाही. गावकरी "इथं उतरू नका" म्हणाले तर त्यांचं ऐकायचं. खडकावर लाटेच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढायचे नाहीत. वाळूत गाडी घालायची नाही. आणि चुकून कोणी ओढीत सापडलाच, तर त्यानं काठाच्या दिशेनं झगडू नये. काठाला समांतर, आडवं पोहावं. ओढीचा पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलं की मग काठाकडे वळावं. बाकीच्यांनी मागोमाग उड्या घालू नयेत. दोरी, बांबू, रिकामा कॅन फेकावा आणि कोळ्यांना हाक मारावी.

समुद्राला भरती आणि ओहोटी असते. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. भरती केव्हा येणार, हे कोकणातली जुनी माणसं तिथीवरून सांगतात. हा हिशेब सोपा आहे. आपण वर्गात गुणाकार-भागाकार शिकलो, तो इथं कामाला येतो.

तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा. जे उत्तर येईल त्या वाजता भरती पूर्ण झालेली असते. आज चतुर्थी आहे असं धरा. चार त्रिक बारा. बारा भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहतीस. तेहतीस भागिले चार, सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती आणि पुन्हा रात्री त्याच सुमारास. पुनव आणि अवस पंधरावी तिथी धरायची. तेव्हा उत्तर येतं सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा अंदाज आहे, घड्याळाचा काटा नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. म्हणून हिशेब करा आणि गावकऱ्यांनाही विचारा.

पुनवेला आणि अवसेला पाणी सगळ्यांत जास्त चढतं. त्याला उधाण म्हणतात. सकाळी ज्या खडकावर आपण कोरडे बसलो, तो दुपारी पाण्याखाली जातो. हे ध्यानात ठेवूनच काठावर बसायची जागा निवडा.

आणखी काय बघावं

हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांच्या आरमारात या किल्ल्याला मान होता. पुढे कान्होजी आंग्रे यांनी याच किनाऱ्यावरून इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना धाक बसवला. कान्होजी १७२९ साली वारले. १७५५ साली इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला. कसा घेतला? तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं आपसांत वाकडं होतं. पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली. भाऊबंदकीत तिसऱ्याचं कसं फावतं, हे बांधावरून भांडणाऱ्या आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत सुवर्णदुर्ग आहे. समुद्र शांत असला की होडीनं तिथं जाता येतं. अंगात तरंगतं जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नका. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर दीपगृह आहे. रात्री त्याचा उजेड होड्यांना वाट दाखवतो.

आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. म्हाताऱ्या माणसांनी सावकाश चढावं. वरून नारळीची बनं आणि समुद्र एका नजरेत येतो.

फेब्रुवारी ते एप्रिलात गेलात तर कासवाची पिल्लं बघायला मिळतील. समुद्रातली कासवीण रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं नेत, कोल्हे-कुत्री उकरून खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी अंडी राखायचं काम सुरू केलं. गावकरी त्यात आले. आज पिल्लं समुद्राकडे सोडताना बघायला लांबून लोक येतात. गावातली घरं त्यांना जेवू घालतात. कासव वाचलं आणि घराला चार पैसेही मिळाले.

दापोली तालुक्यात आणखी दोन गावं आहेत. पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजी जन्मले. पंढरीचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली ज्यांनी पंढरपुरात उपोषण केलं, ते हे साने गुरुजी. दुसरं गाव वणंद. ते माता रमाबाई आंबेडकरांचं माहेर. त्यांचे वडील दाभोळच्या बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात नेण्याची हमाली करत. मासळीची टोपली वाहणाऱ्या त्या माणसाच्या लेकीनं किती हालअपेष्टा सोसून बाबासाहेबांच्या शिक्षणाला साथ दिली, हे आपण जाणतो. दोन्ही गावांना पाय लावून यावं.

येताना काय आणायचं

समुद्र बघून आपल्याला वाटेल, "या लोकांना काय कमी आहे? पाणीच पाणी!" पण त्यांचाही दुष्काळ असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचं चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडचा किनाराही त्यात झोडपला गेला. नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. आपल्याकडे पीक गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. नारळाचं झाड गेलं तर नवं लावून फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात. आपण १९७२ चा दुष्काळ सांगतो, तसे ते लोक २०२० चं वादळ सांगतात. पाण्याकाठचा माणूस सुखी आणि कोरड्यातला तेवढा दुःखी, असं नसतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांनी समुद्रात मासे धरायचे नाहीत, असा सरकारचा नियम आहे. का? कारण हे दिवस पुष्कळशा मासळीच्या विणीचे. पोटात अंडी असलेली मासळी धरली, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? कोळ्यांची रीत तर कायद्याहून जुनी आहे. पावसाळ्यात होड्या काठावर ओढायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहून मग हंगाम धरायचा. आपण बियाण्याची ज्वारी कणगीत वेगळी ठेवतो आणि उपाशी राहिलो तरी तिला हात लावत नाही. तसंच हे.

सगळेच नियम पाळतात असं नाही. काही मोठ्या होड्या रात्री पाण्यात झगझगीत दिवे सोडून मासळी गोळा करतात आणि लहानमोठी सगळी ओढून नेतात. २०१७ साली केंद्र सरकारनं यावर बंदी घातली. तरी चोरून चालतंच, अशी लहान कोळ्यांची तक्रार असते. एकानं अधाशीपणा केला की सगळ्यांचं जाळं रिकामं राहतं.

मंडळी, आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या जमिनीखालचं पाणी हे त्या मासळीसारखंच आहे. ते दिसत नाही आणि ते एकाचं नाही. एकानं दोनशे फूट बोअर घेतलं, की शेजारी चारशे फूट घेतो. पहिल्याचं आटतं, मग तो सहाशे फूट जातो. शेवटी दोघंही टँकरची वाट बघतात. आणि टँकरच्या रांगेत उभ्या राहतात त्या घरच्या बाया. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचं गाव आहे. त्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. दर वर्षी पाऊस मोजतात, गावाला किती पाणी आहे याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. कोळ्यांनी होड्या दोन महिने ओढून ठेवाव्यात, तसंच हे गावानं मिळून हात आवरणं आहे. एकट्यानं आवरून भागत नाही. सगळ्यांनी आवरावं लागतं.

म्हणून आम्ही म्हणतो, समुद्राकाठच्या गावाला जा. मासे खा, सोलकढी प्या, लेकरांना शिंपले वेचू द्या. पण परत आल्यावर पारावर बसून चार माणसांना विचारा, "त्या लोकांनी समुद्राला दोन महिने विसावा दिला. आपण आपल्या विहिरींना काय दिलं?" या प्रश्नाचं उत्तर गावानं मिळून वहीत लिहून काढावं. लिहिता आता आपल्याला येतं.

जाताना सांभाळून जा. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका.

सर्वांना रामराम.